'टाकाऊ' आणि 'टाकलेले' यांत फरक आहे का?

प्रश्नकर्ता, वेंगुर्ले :

नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे. शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ' या विषयावर एक वस्तू करून आणायला सांगितली, म्हणून ती आणि माझे वडील गेले आठ दिवस मागच्या पडवीत बसून संकासुराचे (कोकणातल्या दशावतारातले काळे सोंग) बाहुले करीत आहेत. धडाला आणि डोक्याला करवंट्या, उंच निमुळत्या टोपीला पोफळीची विरी (पानाच्या बुडाचे रुंद आवरण), दाढीला रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) तुटक्या दोराचे उसवलेले पांढरे धागे, असे सगळे साहित्य परसातले आणि किनाऱ्यावरचे आहे. वडील काचेच्या तुकड्याने करवंटीवरचे केस खरवडून काढतात आणि मग तिला खोबरेल व दिव्याची काजळी चोळतात. करवंटीला मुळातच तीन डोळे असल्यामुळे चेहरा वेगळा कोरावा लागला नाही; त्यांतला मऊ डोळा मुलीने खिळ्याने मोकळा केला आणि त्यात तांबड्या चिंधीची जीभ बसवली.

काम चालू असताना ती वहीत 'टाकाऊ वस्तूंची यादी' असे लिहू लागली, तेव्हा वडील म्हणाले, "टाकाऊ कित्याक म्हणतंस गो? टाकलेलां म्हण." तिने फरक विचारला. तो त्यांना नेमका सांगता आला नाही आणि मलाही आला नाही, पण ते शब्दासाठी अडून बसले ते उगाच नव्हे, असे मला वाटते. जाणकारांनी या दोन शब्दांतला फरक उलगडून सांगावा.

प्रतिसाद, गुहागर :

फरक आहे, आणि तो व्याकरणातच आहे. 'ऊ' हा प्रत्यय मराठीत दोन प्रकारची कामे करतो. जो लढतो तो लढाऊ, जो कमावतो तो कमाऊ, जे टिकते ते टिकाऊ. येथे प्रत्यय क्रिया करणाऱ्याकडे बोट दाखवतो. उलट 'विकाऊ घर' म्हणजे विकणारे घर नव्हे, ते कोणीतरी विकायला काढलेले असते. 'खाऊ' या एकाच रूपात तर दोन्ही अर्थ सापडतात : मुलांना आणतो तो खाऊ खाल्ला जातो, पण लाचखाऊ माणूस स्वतः खातो. 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द कानाला जुळ्या भावंडांसारखे वाटतात खरे, पण टिकाऊ वस्तू स्वतः टिकते, तर टाकाऊ वस्तू स्वतः काहीच करीत नाही. तिचे काय करायचे ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते.

घर विकले गेले की ते विकाऊ राहत नाही, कारण विकाऊपणा हा व्यवहार होण्याआधीचा शेरा आहे. त्याच न्यायाने 'टाकाऊ' म्हणजे टाकण्याच्याच लायकीचे. वस्तू अजून हातात असते, तरी तिच्यावर निकाल लागलेला असतो. 'टाकलेले' या शब्दाने मात्र फक्त घडलेली गोष्ट कळते : कोणीतरी ती टाकली. त्यात वस्तूची लायकी काढलेली नाही, म्हणून ती उचलून घ्यायला वाव राहतो. आपल्या वडिलांना हेच म्हणायचे असावे.

शिवाय किनाऱ्यावर 'टाकणे' याचा अर्थ फेकून देणे एवढाच नाही. आपण जाळे टाकतो ते ओढून घेण्यासाठी, नांगर टाकतो तो होडी जागेवर राहावी म्हणून, आणि आमटीत मीठ टाकतो ते तर हवेच असते म्हणून.

प्रतिसाद, देवगड :

वरचे विवेचन पटले, तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 'नवऱ्याने टाकलेली' हा शब्दप्रयोग आपल्या गावांतून अजून ऐकू येतो आणि ज्या बाईबद्दल तो केला जातो तिला तो आयुष्यभर चिकटतो. त्यामुळे 'टाकलेले' अगदी निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. तरीही त्यात टाकणारा दिसतो आणि दोष कोणाचा, असे विचारता येते. 'टाकाऊ' म्हटले की टाकणारा नजरेआड होतो आणि सगळा दोष वस्तूच्या माथी येतो.

प्रतिसाद, बांदा :

2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे झावळ्या, सुंभ आणि जुन्या साड्या यांची मखरे पुन्हा दिसू लागली. पण 'टाकाऊ वस्तूंचे मखर' असे म्हटले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते रुचत नाही, कारण देवासमोर टाकाऊ काही मांडू नये असे त्यांचे मन सांगते. झावळ्यांचे मखर म्हटले की त्याच वस्तू त्यांना चालतात.

'भंगार' हा शब्दही या चर्चेत यायला हवा. तो 'भंग' म्हणजे मोडणे याच्याशी जोडला जातो. मात्र आमच्या गोव्याच्या सीमेवरच्या बोलीत आणि कोकणीत 'भांगार' किंवा 'भांगर' म्हणजे सोने, आणि ज्ञानेश्वरीतही 'भांगार' सोन्याच्याच अर्थाने येतो. हे दोन शब्द एक नव्हेत, पण माझी आजी भंगारवाल्याची हाक ऐकून दर वेळी चपापायची, ते आठवले.

प्रश्नकर्ता, वेंगुर्ले :

सर्वांचे मनापासून आभार. गुहागरचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. जाळे टाकण्याचा दाखला त्यांना फार आवडला, पण त्यांनी त्यावर आणखी एक हरकत घेतली : या करवंट्या कोणी टाकल्याच नव्हत्या, त्या चुलीमागे विस्तवासाठी रचून ठेवलेल्या होत्या. विचार केल्यावर मलाही ते खरे वाटले. आमच्या घरात नारळाच्या एकाही भागाला 'कचरा' हे नाव कधी मिळालेच नाही. करवंटीला दांडा बसवला की ती डवली (पळी) होते, सोडणाचा (वरच्या सालीचा) काथ्या आणि काथ्याचे सुंभ होते, झावळीचे हीर काढून बांधले की खराटा होतो. वस्तूचे काम बदलले की तिला नवे नाव मिळते, त्यामुळे मधल्या काळात तिला टाकाऊ म्हणण्याची वेळच येत नाही. लुगड्यांच्या वाकळीलाही आपण कधी टाकाऊ कापडाची म्हणत नाही.

म्हणून मुलीच्या वहीत आम्ही 'टाकाऊ'ही लिहिले नाही आणि 'टाकलेले'ही नाही. शाळेने दिलेला मथळा तसाच ठेवला आहे. त्याच्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले : "संकासुर. साहित्य : करवंट्या 3, पोफळीची विरी 1, रापणीचा दोर हातभर, तांबडी चिंधी, काजळी. करणारे : आजोबा आणि मी."