मदत हवी आहे: अंडी आणि मटण दोन्हीसाठी कुठल्या जातीच्या कोंबड्या घ्याव्यात?

नमस्कार मंडळी. आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. घराला लागून नारळ-पोफळीचं आगर आहे, साधारण 12 गुंठे. सासूबाईंनी आयुष्यभर गावरान कोंबड्या पाळल्या. आता त्यांना वाकवत नाही, म्हणून खुराडं माझ्याकडे आलंय.

गेल्या पावसाळ्यात मानमोडी (राणीखेत रोग) आली आणि आठवड्याभरात 14 पक्षी गेले. सकाळी खुराडं उघडायची भीती वाटायची. उरल्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. सासूबाईंनी लस कधी दिली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं, त्याची रुखरुख अजून आहे.

आता नव्याने सुरुवात करायची आहे. घरात सहा माणसं, दोन मुलं वाढीची. रोज निदान सहा अंडी मिळावीत आणि महिन्यातून दोनदा, शिवाय शिमग्याला नि गौरीला, घरचा कोंबडा कापता यावा, एवढीच अपेक्षा आहे. विक्रीचा विचार नाही. पक्षी दिवसभर आगरात मोकळे फिरणार, संध्याकाळी कणी आणि थोडा मका.

भाचा म्हणतो कडकनाथ घे. पण तो पक्षी झाबुआकडचा, अंडी बेताची देतो, अंड्यांवर नीट बसतही नाही. काळ्या मटणाला भाव आहे हे खरं, पण मला विकायचंच नाही. म्हणून वनराजा, गिरिराजा आणि ग्रामप्रिया या तिघांवर घोडं अडलंय.

खरी अडचण पुढेच आहे. या सुधारित कोंबड्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत असं ऐकते. मग दरवेळी पिल्लं विकत आणायची का? आमच्याकडे वीज पावसाळ्यात दोन-दोन दिवस नसते, त्यामुळे उबवणी यंत्राचा उपयोग नाही. शिवाय मुंगूस आणि घार दोन्ही आहेत. जड पक्षी पळू शकतो का? ज्यांनी मोकळ्यावर पाळल्यात त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी आठ वर्षं वनराजा आणि ग्रामप्रिया दोन्ही पाळल्यात. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेल्या. गिरिराजा बेंगळुरूची, ती मी पाळलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही.

आधी हिशोब करा. परसात गावरान कोंबडी वर्षाला 60 च्या आसपास अंडी देते, वनराजा 100 ते 110, ग्रामप्रिया 160 ते 180. रोज सहा म्हणजे वर्षाला जवळपास 2200 अंडी. त्यासाठी ग्रामप्रियाच्या 13-14 कोंबड्या पुरतात, वनराजाच्या वीसेक लागतात, गावरानच्या 36-37. तुमच्या आगरात आणि तुमच्या धान्यात ग्रामप्रियाच बसते. वनराजाचा नर लवकर अंगाने भरतो, मटणाला तो सरस. पण तो जड. मुंगसासमोर माझे तेच आधी गेले. आणि मादीला मका जास्त पडला की चरबी धरते, अंडी घटतात.

पावसाळ्यात अंडी कमी होणारच. आभाळ भरलेलं असलं की उजेड पुरत नाही. तेव्हा पक्ष्यांना दोष देऊ नका.

खुडकीचं तुम्ही बरोबर ऐकलंय. म्हणूनच त्या तीन गावरान कोंबड्या कापू नका, त्याच तुमचं उबवणी यंत्र! ग्रामप्रियाच्या माद्यांवर कोंबडा गावरानच ठेवा आणि ती अंडी खुडूक कोंबडीखाली 10-12 बसवा. 21 दिवसांनी निघणारी पिल्लं आईइतकी अंडी देणार नाहीत, हे आधीच धरून चाला. पण अंगाने गावरानपेक्षा भरतील, पळतीलही. त्यातले नर तुमच्या शिमग्याला. अंड्यांसाठीच्या तलंगा (अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या) मात्र दीड-दोन वर्षांनी नव्या आणाव्या लागतील.

एक दिवसाची पिल्लं आणू नका. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, वीज नसेल तर सगळं अवघड. महिना-दीड महिन्याची, लसी झालेली घ्या, दसऱ्यानंतर.

धागाकर्ती

दादा, फार आभार. गावरान कोंबड्या काढून टाकायच्याच बेतात होते. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "तांबडी आहे ना, ती वर्षातून तीनदा बसते." तिलाच ठेवते.

एकच विचारायचं राहिलं. घरी निघालेल्या दहा-बारा पिल्लांना लस कशी द्यायची? दुकानात बाटली मोठीच मिळते.

प्रतिसाद

बाटली शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठीच येते, आणि एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवा. पिल्लं सात दिवसांची झाली की सगळ्यांना एकाच सकाळी लासोटाचा (मानमोडीची थेंबांची लस) एकेक थेंब डोळ्यात, चार आठवड्यांची झाली की पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन. बाटली बर्फ घातलेल्या थर्मासातूनच आणा. उन्हात एसटीने आणलेली लस दिली काय नि न दिली काय, सारखंच. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, लस कधी येते ते सांगतात.

धागाकर्ती

शेजारच्या दोन घरांशी आजच बोलले, तयार आहेत. चौथं घर शोधते.