ट्रकला आग लागून माल जळाला तर भरपाई ट्रान्सपोर्टवाल्यानेच द्यायची ना?

कापडवाला: दोन महिन्यांपूर्वी इचलकरंजीहून अहमदाबादला पाठवलेला माझा सहा लाखांचा माल ट्रकसकट जळाला. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो आग म्हणजे दैवी आपत्ती, शिवाय बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालधन्याची, असं छापलंय. अहो पण 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, जप्ती असे मोजके अपवाद आहेत, त्यात नुसती आग नाहीच! आणि निष्काळजीपणा मी सिद्ध करायचीही गरज नाही.

गाडीमालक: भाऊ, वाईट वाटलं खरंच. पण आमचीही गाडी जळते हो, हप्ते चालूच राहतात. नऊ हजार भाड्यात सहा लाखांची जोखीम कोण घेणार? मालाचा विमा का नाही उतरवला? आमच्या एका गाडीत दुसऱ्या पार्टीने थिनरचे डबे 'पेंट सामान' म्हणून चढवले होते, ड्रायव्हरला काय स्वप्न पडणार?

कापडवाला: मग त्या थिनरवाल्याकडून तुम्ही वसूल करा की, माझ्या कापडाचा काय दोष? वीज पडून पेटलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

कोर्टाची_पायरी: कापडवाले बरोबर आहेत. 2000 साली नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज प्रकरणात माल गोडाऊनच्या आगीत गेला होता, तेव्हाच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ओनर्स रिस्क लिहिलं म्हणून वाहतूकदार सुटत नाही. आग हा अपवाद रेल्वेच्या 1989 च्या कायद्यात आहे, पण तिथेही पुरेशी काळजी घेतली होती हे रेल्वेलाच दाखवावं लागतं.

गाडीमालक: ताई, मग 2011 च्या नियमांतली मर्यादा पण सांगा ना! जास्त जोखमीचा दर, म्हणजे जादा भरपाईसाठीचं वाढीव भाडं, भरला नसेल तर भाड्याच्या दहा पट, म्हणजे नव्वद हजार. त्याच्यावर मागणं मला तरी अन्याय वाटतो.

कोर्टाची_पायरी: हो, मर्यादा आहे, आणि तीच मला खटकते, कारण जास्त दराचा पर्याय आहे हे बुकिंग काउंटरवर कोणी तोंडाने सांगतच नाही, बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात सगळं. कापडवाले, तुम्ही जादा दर भरला होता का? आणि लेखी नोटीस दिली का? बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते, नाहीतर दावाच चालत नाही.

कापडवाला: जादा दराचं कोणी विचारलंच नाही मला. नोटीस राहिलीय, फोनवरच भांडत बसलो. उद्याच पाठवतो.