दख्खनच्या बेसाल्टची विश्लेषणे कोणत्या डेटाबेसमध्ये ठेवावीत?

घाटवाट (पुणे):
पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटातील बेसाल्टची रासायनिक विश्लेषणे मी प्रबंधासाठी करून घेतली आहेत. प्रबंध सादर झाल्यावर हे आकडे कपाटात पडून राहू नयेत, अशी इच्छा आहे. जिओरॉक या खडकांच्या रासायनिक विश्लेषणांच्या डेटाबेसवर ती थेट देता येतात, की आधी शोधनिबंध छापून यावा लागतो? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळाचा पर्याय योग्य ठरेल का?

जुना_कातळ:
जिओरॉकचे काम माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत सुरू झाले आणि आता ते ग्यॉटिंगेन विद्यापीठातून चालते. त्याचा मूळ साठा प्रसिद्ध निबंधांतून वेचलेला आहे. अप्रकाशित आकड्यांसाठी अर्थकेम लायब्ररी हे ऑनलाइन भांडार पाहावे, तिथे संचाला डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो आणि पुढे निबंधात तोच देता येतो. भूकोशवरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे जरूर घ्यावेत, पण प्रबंधाचे आकडे ठेवण्याची ती जागा नव्हे. मार्गदर्शकांची संमती मात्र आधीच घ्यावी.

सह्यपठार:
जागेपेक्षा मला नोंदीची काळजी अधिक वाटते. घाटातील लाव्हाप्रवाह जवळजवळ आडवे असल्यामुळे नमुना कोणत्या थरातला हे प्रामुख्याने समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून ठरते, आणि नेमका तोच रकाना लोक रिकामा सोडतात. उंचीऐवजी नुसते ‘पोलादपूर’ किंवा ‘आंबेनळी’ असे शैलसमूहाचे (एकसारख्या लाव्हाप्रवाहांच्या गटाचे) नाव लिहिणे पुरेसे नाही, कारण ते नाव आपण रसायनावरून लावलेला अर्थ आहे, मोजमाप नव्हे; उद्या कोणी सीमा सरकवली तर उंचीच कामाला येईल. अक्षांश-रेखांश जुन्या टोपोशीटवरून घेतले असतील तर ते कोणत्या संदर्भप्रणालीतले, जुन्या एव्हरेस्ट की आजच्या डब्ल्यूजीएस ८४, हेही नमूद करावे. प्रत्येक नमुन्याला आयजीएसएन (नमुन्याचा जागतिक ओळखक्रमांक) घेतलात तर त्याच दगडावर पुढे समस्थानिकांचे काम झाले तरी दोन्ही नोंदी जुळतील.

घाटवाट:
आभारी आहे. प्रयोगशाळेने एकूण लोह फेरिक ऑक्साइड म्हणून दिले आहे. ते फेरस ऑक्साइडमध्ये बदलून भरावे का?

जुना_कातळ:
बदलू नये, ज्या रूपात मिळाले त्याच रूपात भरावे आणि रकान्याच्या शीर्षकात ‘एकूण लोह, फेरिक ऑक्साइड म्हणून’ असे स्पष्ट लिहावे. रूपांतराचा गुणक ०.८९९८ आहे. तुम्ही एकदा गुणले आणि शीर्षक तसेच राहिले, तर वापरणारा पुन्हा गुणेल आणि सुमारे दहा टक्के लोह विनाकारण नाहीसे होईल. बीएचव्हीओ-२ सारखा प्रमाण नमुना (ज्याचे रासायनिक आकडे आधीच माहीत आहेत असा) सोबत तपासला असेल तर त्याचे आलेले आकडेही जोडावेत. इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना मी तरी आधी तेच पाहतो.