रेफरन्स आर्किटेक्चर : संदर्भ, आदर्श, नमुना की आणखी काही?

विचारणा

सॉफ्टवेअर प्रणालींच्या रेफरन्स आर्किटेक्चरचा एक दस्तऐवज मराठीत लिहितेय. ‘संदर्भ स्थापत्य’ हा शब्द काही ठिकाणी दिसला, पण ‘संदर्भ’ म्हटलं की संदर्भसूची आठवते आणि ‘स्थापत्य’ म्हटलं की सिमेंट. त्यापेक्षा ‘आदर्श रचना’ चालेल का? की ‘नमुना रचना’?

प्रतिसाद

‘आदर्श’ नकोच. त्यात ‘याहून चांगलं काही नाही’ असा दावा डोकावतो. इथे दावा बराच साधा आहे. एकाच जातीच्या अनेक प्रणाली उभ्या करताना जे घटक, जे जोड आणि जी बंधनं दरवेळी लागतात, ती एकदा लिहून ठेवायची. पुढच्या प्रत्येक प्रणालीने आपली रचना त्यावरून बेतायची आणि जिथे वेगळी वाट धरली तिथे कारण द्यायचं. म्हणजे हा ‘संदर्भ’ ग्रंथाच्या शेवटच्या पानावरचा नव्हे, भौतिकशास्त्रातल्या ‘संदर्भ चौकटी’तला: ज्याच्या तुलनेत मोजायचं तो. मला ‘संदर्भ-रचना’ पटतो. स्थापत्य मात्र सोडा.

प्रतिसाद

‘नमुना’बद्दल सावध राहा. नमुना म्हणजे सॅम्पल, आणि सॅम्पल लोक जसंच्या तसं उचलतात किंवा त्यालाच मोजमाप लावतात. सन कंपनीचं ‘पेट स्टोअर’ आठवत असेल. जावा भाषेच्या एंटरप्राइझ मंचावर (मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठीच्या) पॅटर्न, म्हणजे रचनेच्या ठरीव पद्धती, कशा वापरायच्या हे दाखवण्यासाठी लिहिलेलं उदाहरण. २००१च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेट या स्पर्धक मंचावर त्याचंच रूप केलं आणि कोडच्या ओळी नि वेग यांची तुलना छापली. जावावाले ओरडत राहिले की हे शिकवण्यासाठी होतं, पळवण्यासाठी नव्हतं. नाव काय द्यायचं यावर लोक त्या गोष्टीचं काय करणार हे ठरतं, ते असं.

प्रतिसाद

शब्द एकच शोधून भागणार नाही, तीन लागतील: रेफरन्स मॉडेल, रेफरन्स आर्किटेक्चर, रेफरन्स इम्प्लिमेंटेशन. मॉडेल फक्त कामाची वाटणी सांगतं. नेटवर्कचे सात थर सांगणारं ओएसआय मॉडेल घ्या. आयएसओ ७४९८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपात ते १९८४ साली आलं, आणि ‘हे प्रत्यक्ष बांधणीचं विनिर्देशन नाही’ असं स्वतःच सांगतं. ती वाटणी सॉफ्टवेअरच्या घटकांवर बसवली, कोण कोणाशी कोणत्या इंटरफेसने (ठरलेल्या जोडणीने) बोलेल हे ठरवलं, की आर्किटेक्चर. चालणारा कोड दिला की इम्प्लिमेंटेशन.

अर्थात नाव देणारे हे पाळतातच असं नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडचं ‘रेफरन्स आर्किटेक्चर’ काढलं. त्यात ग्राहक, पुरवठादार, ऑडिटर, ब्रोकर (मध्यस्थ) आणि कॅरियर (जोडणी पुरवणारा) अशा पाच भूमिका आहेत. माझ्या मते ते मॉडेलच्याच जवळचं. उलट मोटारींच्या कंट्रोलरसाठीचं ऑटोसार बघा. तिथे थरांपासून थेट मॉड्यूलच्या फंक्शनपर्यंत सगळं ठरवून दिलेलं. दोघांना एकच शब्द लावून मोकळं होऊ नका.

विचारणा करणारी

बरं, ‘संदर्भ-रचना’ घेते. खरा घोळ पुढेच आहे. मसुद्यातलं हे वाक्य बघा: ‘गेटवे प्रत्येक विनंतीचं टोकन तपासतो.’ (गेटवे म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या जिथून आत येतात तो घटक, टोकन म्हणजे विनंती कोणाची हे सांगणारी ओळखखूण.) सहकाऱ्याने विचारलं, ‘हे आत्ता होतंय ते सांगतेयस की व्हायला हवं ते?’

प्रतिसाद

प्रश्न नेमका आहे. एखाद्या चालू प्रणालीचं वर्णन असतं तर ‘तपासतो’ बरोबर होतं. संदर्भ-रचनेत मात्र असा एकच गेटवे नसतोच. तिथे हे वाक्य नियम तरी असतं नाहीतर काहीच नसतं. प्रत्यक्ष रचना वेगळी आणि तिचं लिखित वर्णन वेगळं, हा भेद आयईईई १४७१ या मानकाने २००० सालीच केला होता. आज ते आयएसओ ४२०१० म्हणून चालतं.

तेव्हा ‘तपासावं’ लिहा असं म्हणणार होतो, पण मराठीचा विध्यर्थ (‘-वं’, ‘-वा’ लागणारं क्रियापदाचं रूप) फार ऐसपैस आहे. कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता, सगळं त्यात बसतं. ‘टोकन तपासावं’ ही सक्ती की सल्ला? नकारात तर आणखी पंचाईत. ‘टोकन लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) लिहू नये’ हे ऐकून अर्धे लोक ‘शक्यतो’ समजतील. सक्ती हवी तर ‘लिहिता कामा नये’ म्हणा, त्यातून पळवाट नाही.

प्रतिसाद

यावर इंटरनेटच्या मानकांनी १९९७ मध्येच तोडगा काढला: आरएफसी २११९ (आरएफसी ही त्या मानकांच्या दस्तऐवजांची क्रमांकित मालिका). ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या शब्दांचे अर्थ बांधून टाकले. त्यातली ‘शुड’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नियम मोडायला सबळ कारण असू शकतं, पण परिणाम समजून-उमजून मोडा. पुढे २०१७च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं की हे शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) असतील तरच तो बांधीव अर्थ, एरवी रोजचा. आता देवनागरीत मोठी लिपी आणायची कुठून!

मी असं करतो. रूपं तीन ठरवलीत: ‘तपासलंच पाहिजे’, ‘तपासावं’, ‘तपासता येईल’. नकाराला ‘कामा नये’ आणि ‘नये’. नियमाच्या आधी खूणही देतो: ‘नियम ७, अनिवार्य’ किंवा ‘नियम ८, शिफारस’. खूण नसलेलं वाक्य म्हणजे नुसतं स्पष्टीकरण, हे पहिल्याच पानावर सांगून टाकतो.

प्रतिसाद

वाचायला सरकारी परिपत्रक वाटेल हो. सगळीकडे ‘-लंच पाहिजे’ आलं तर वाचणारा तिसऱ्या पानावर दस्तऐवज मिटेल.

प्रतिसाद

म्हणूनच अनिवार्य नियम थोडेच ठेवायचे. सगळंच अनिवार्य असेल तर ती संदर्भ-रचना उरत नाही, एकाच प्रणालीचा आराखडा होतो आणि दुसरा संघ तिच्याकडे फिरकत नाही. शिवाय प्रत्येक अनिवार्य नियमाखाली ‘का’ची एक ओळ हवी. ‘टोकन गेटवेवरच तपासलंच पाहिजे, कारण आतल्या सेवा वेगवेगळ्या संघांच्या आहेत आणि तपासणीची एकच जागा लागते.’ ज्याच्याकडे एकच संघ आहे त्याला लगेच कळतं की हे कारण आपल्याला लागू नाही.

विचारणा करणारी

मग त्याने नियम सोडला तर त्या नोंदीला काय म्हणू? ‘उल्लंघन’ म्हटलं तर कोणी लिहिणारच नाही.

प्रतिसाद

‘फरक’. रकान्याचं नाव ‘संदर्भ-रचनेपासून फरक’, शेजारी ‘कारण’ आणि ‘कोणी मान्य केला’. ‘विचलन’ही बरोबर आहे, पण तो शब्द संख्याशास्त्रवाल्यांनी घेऊन टाकलाय.