.३२ रिव्हॉल्व्हरमध्ये पिस्तुलाचं .३२ काडतूस चालेल का?

रावेरकर:
कानपूर बनावटीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, परवाना माझ्या नावावर. जळगावला दुकानात दोन पेट्या पाहिल्या, दोन्हींवर .३२. एकीतली काडतुसं आखूड, दुसरीतली लांब. आखूडही सिलिंडरमध्ये बसतं म्हणतात. मग वापरायला काय हरकत? जुनी अर्धी पेटीही पडून आहे, काही काडतुसांवर हिरवट कळंक आलाय.

तापीकाठ:
बसलं म्हणून ते चालवायचं नाही, भाऊ. आखूड म्हणजे .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास पिस्तुलासाठी काढलेलं. तुमचं हत्यार .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँगचं, म्हणजे दुसऱ्या पेटीतल्या लांब काडतुसाचं. गोळीची जाडी दोन्हींची जवळपास ७.९ मिमी, घोळ तिथेच होतो. पितळी केस, म्हणजे दारू भरलेलं कवच, मात्र एसीपीची १७.३ मिमी लांब, लाँगची २३.४. बुडाची कड एसीपीची ९.१ मिमी, लाँगची ९.५, म्हणजे एसीपीला सिलिंडरच्या तोंडावर धरायला कड जेमतेम मिळते. काडतूस आत सरकलं तर पिन केपवर, म्हणजे बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर, नीट बसत नाही, बार फुसका जातो.

खरा धोका दाबाचा. अमेरिकी मानकात एसीपीची मर्यादा २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), लाँगची १५,०००. जुन्या सिलिंडरवर हा जादा भार कशाला? उलट बाजूने प्रश्नच येत नाही, लाँग काडतूस एसीपी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मावतच नाही.

अमळनेरकर:
पेटीवर विसंबू नका, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचा आणि नळीवर कोरलेल्या मापाशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘केएफ’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल, पण ते कारखान्याचं नाव झालं, माप वेगळं लिहिलेलं असतं. नुसतं ‘.३२’ वाचून पेटी उचलू नये.

आखूड काडतूस लांब घरात (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) चालतं, पण एकाच घराण्यातलं असेल तरच: .३२ एस अँड डब्ल्यू हे लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, .३८ स्पेशल हे .३५७ मॅग्नममध्ये. उलटं कधीच नाही. तेही सतत चालवलं की घरात पुढच्या बाजूला काजळीचं कडं साचतं, मग लांब काडतूस अडकतं; ब्रशने साफ करावं लागतं. .२२ मध्ये तर आणखी जपा. .२२ एलआर (लाँग रायफल) हे .२२ मॅग्नमच्या घरात ढिलं बसतं, केस फाटून गॅस मागे येतो.

तापीकाठ:
कळंक आलेली काडतुसं घासूनपुसून भरू नका. केस कमजोर झालेली असू शकते, दारू सर्दावलेली असू शकते. ती वेगळी ठेवा, परवानाधारक विक्रेत्याला विचारून त्याच्याकडे जमा करा; कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नका.

नव्या पेटीतही एखाद्या बाराचा आवाज दबका आला तर दुसरा चाप ओढायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, रिव्हॉल्व्हर उघडून सगळी काडतुसं काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी सोडली तर नळी फुटते. अडकलेली दिसलीच तर घरी सळईने ठोकत बसू नका, शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच न्या.