पहिल्या लघुपटासाठी आधी कॅमेरा घ्यावा की आवाजाची साधने?

प्रश्न

मी आणि माझे दोन मित्र मिळून साधारण बारा मिनिटांचा लघुपट करण्याच्या तयारीत आहोत. बहुतेक प्रसंग एकाच खोलीत घडतात, पात्रे दोनच आहेत आणि कथा जवळजवळ पूर्णपणे संवादांवर उभी आहे. हाताशी बऱ्यापैकी चांगला फोन आहे. जमवलेल्या पैशांत एक तर लेन्ससह सेकंडहँड मिररलेस कॅमेरा येईल, किंवा फोनवरच चित्रण करून माइक, रेकॉर्डर आणि हेडफोन घेता येतील. दोन्ही एकदम जमणार नाही. कॅमेरा घेऊन त्याच्यावरच एखादा छोटा माइक बसवला तर काम भागेल का?

उत्तर १

संवाद हाच गाभा असेल तर पैसे आवाजावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यावर बसवलेल्या माइकची अडचण त्याच्या दर्जापेक्षा त्याच्या जागेत असते. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण भिंतींवरून परतणारा खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दोन मीटरवरच्या कॅमेऱ्याऐवजी माइक अर्ध्या मीटरवर आणला, तर थेट आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो आणि शब्द घुमाऱ्यातून सुटे होतात. त्यामुळे साधाच माइक दांड्याला लावून, चौकटीच्या जेमतेम बाहेर, पात्राच्या डोक्याच्या किंचित पुढे धरून छातीच्या दिशेने रोखला, तर कॅमेऱ्यावरच्या महागड्या माइकपेक्षा तो उजवा ठरतो.

लांब नळीचा शॉटगन माइक बाहेरच्या चित्रीकरणात उत्तम काम देतो, पण लहान खोलीत छतावरून परतणारा आवाज त्याच्या नळीत शिरून बोलणे पोकळ करतो. तुमचे काम घरातले आहे, तेव्हा छोटा हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक मिळाल्यास तो पाहावा. अशा माइकला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतो, म्हणून रेकॉर्डरला एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणी आणि तो पुरवठा आहे ना, हे खरेदीपूर्वीच तपासावे. कॉलर माइकही चालेल, मात्र कपड्याची सळसळ टाळण्यासाठी तो चिकटपट्टीने नीट बसवावा लागतो आणि पात्रांनी एकमेकांना मिठी मारली की त्याचा काही उपयोग उरत नाही.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवावे आणि मोठ्यात मोठे वाक्य रेकॉर्डरच्या मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आता नवशिक्यांच्या आवाक्यात आले आहेत. त्यांत पातळी चुकली तरी ती नंतर सावरता येते. पण माइक दूर असेल तर तेही हतबल. पंखा आणि फ्रिज बंद करावेत, कॅमेऱ्यामागच्या उघड्या भिंतीवर जाड रजया टांगाव्यात आणि प्रत्येक जागी सर्वांनी गप्प राहून अर्धा मिनिट खोलीची शांतता नोंदवून ठेवावी. संकलनात वाक्यांमधले सांधे तिनेच बुजवले जातात.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त फोन आहे तसा वापरू नये. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप मोफत मिळते; त्यात शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) पक्के करून टाकावेत, नाहीतर पात्र जरा हलले की चित्राचा उजेड आणि रंग बदलतात. सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमसाठी शटर १/५० सेकंद ठेवावे. जिथे विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असते तिथे दिवे लुकलुकू नयेत म्हणून १/६० घ्यावे.

पुढे कधी सेकंडहँड कॅमेरा घ्याल तेव्हा माइकची पिन खोचून हलक्या हाताने फिरवावी, रेकॉर्डिंग करून ऐकावे आणि खरखर आली तर तो कॅमेरा सोडून द्यावा. जाहिरातीतल्या फोरकेवर विसंबू नये. कॅननच्या एम५० मध्ये फोरके चित्रण करताना चित्र आणखी कापले जाते आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (कॅननची आपोआप जलद फोकस साधणारी पद्धत) हेही मिळत नाही. पॅनासॉनिक जी७ मध्ये माइकची जोडणी आहे, पण हेडफोनची नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला तर तो चित्राशी जुळवायचा कसा? लांब प्रसंगात ओठ आणि शब्द यांची फारकत होते, असे ऐकले आहे.

उत्तर १

प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. चित्रात हात जिथे भिडतात ती फ्रेम आणि ध्वनिलहरीतले टोक एकावर एक आणले की काम झाले. फोनचा स्वतःचा माइकही चालू ठेवावा. तो आवाज चित्रपटात वापरायचा नसला तरी डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत त्याच्याशी रेकॉर्डरचा आवाज आपोआप जुळवता येतो. फारकत होण्यामागे बहुधा फोनचा बदलता फ्रेमदर (दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या) असतो, म्हणून ॲपमध्ये दर स्थिर ठेवावा आणि दोन-तीन मिनिटांहून लांब शॉट टाळावेत.

तुम्ही तिघे आहात, हे सोयीचे आहे. एकाने दिग्दर्शन करावे, दुसऱ्याने फोन सांभाळावा आणि तिसऱ्याने कान झाकणारे बंद हेडफोन लावून केवळ दांडा धरावा. बाहेरून मोटार गेली किंवा एखादा शब्द गिळला गेला, तर तो शॉट पुन्हा घ्यायला लावण्याचा अधिकार त्यालाच द्यावा.