न्यूट्रल मोजायचा की नाही? एका पाइपावरून वाद

धागाकर्ता: तारकर्लीला होमस्टेच्या वरच्या मजल्याचं वायरिंग चाललंय, चिऱ्याच्या भिंतीत झिरी मारून एकाच पाइपातनं आर-वाय-बी (तीन फेजच्या तारा) आणि एक काळी न्यूट्रल (करंटची परतीची तार), सगळ्या अडीच एमएम. मी म्हटलं भार वाहणाऱ्या तारा चार झाल्या, डीरेटिंग (तारा एकत्र तापतात म्हणून क्षमतेत कपात) लावा. वायरमन म्हणतो, "न्यूट्रलात करंटच नसता, तो कित्याक मोजतास?" माझं मत, मोजायलाच हवा. खालच्या खोलीतली जुनी काळी वायर ओढली तर बेंडपाशी इन्सुलेशन पापडासारखं तुटलं, लाल मात्र शाबूत!

लायसन्सवाला: वायरमनचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण चुकीचं सांगतोय. तिन्ही फेजवर १२-१२ अँपिअर असले की न्यूट्रलात शून्य. बी बंद केला तर न्यूट्रलात १२ येणार, पण तेव्हा बी थंड ना, म्हणजे तापणाऱ्या तारा तीनच. वायरिंगच्या अमेरिकन कोडात तीनपर्यंत कपात नाही, ४ ते ६ झाल्या की क्षमता ८० टक्के धरायची. आणि ती जुनी काळी... तीन सर्किटं एकाच फेजवर आणि न्यूट्रल कॉमन असणार, १२ चे ३६ झाले, न्यूट्रलला एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) नाही, कळणार कसं.

धागाकर्ता: हो, जुना मीटर सिंगल फेजच होता 😅

खाडीकाठ: लायसन्सवाले, तुमचा हिशोब बल्ब-गिझरच्या जमान्यातला. स्वस्त एलईडी, चार्जर, टीव्ही यांचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या तिपटीचा १५० हर्ट्झचा करंट, तो न्यूट्रलात कटत नाही, तिन्ही फेजचा मिळून साचतो, आणि फेजही भरलेलेच असतात. लोडचा मोठा भाग असल्या वस्तूंचा असेल तर तुमचाच अमेरिकन कोड न्यूट्रल मोजायला सांगतो.

लायसन्सवाला: होमस्टेत मोठा भाग एसी-गिझरचा हो. गिझर साधा लोड, चांगल्या एसीत पीएफसी (हार्मोनिक कमी करणारं सर्किट) असतं. चार ट्यूबांसाठी पाइप बदलायचा काय?

धागाकर्ता: भांडू नका, खालच्या मजल्याला आता थ्री फेज आहे, काल रात्री सगळ्या खोल्या भरलेल्या असताना तिथेच क्लॅम्प (तारेभोवती लावून करंट मोजायचा मीटर) लावला. आर ११, वाय १०, बी ११, न्यूट्रल ७ अँपिअर.

खाडीकाठ: बघा! नुसत्या असमतोलाने १ यायला हवा होता. बाकी तिसरा हार्मोनिक: ७ भागिले ३, फेजमागे सव्वादोनच्या वर, म्हणजे फेजच्या करंटच्या २१-२२ टक्के. आयईसीत (आंतरराष्ट्रीय मानकात) १५ ते ३३ टक्क्यांत तारेची क्षमता ०.८६ ने गुणतात. तारेचे २० अँपिअर असतील तर १७ धरा, १६ चा एमसीबी टाका.

लायसन्सवाला: क्लॅम्प ट्रू आरएमएस (हार्मोनिकवाला वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारा) आहे का ते आधी सांगा.

धागाकर्ता: मालवणात साडेसहाशेला घेतलेला आहे...